पहिल्या केमोला गाठ आटली नाही म्हणून उपचार सोडू नका

नाशिक, सिन्नर, निफाडकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘तोंडा-घशाच्या कॅन्सरची गाठ पहिल्या केमोने आटली तर पेशंट वाचला, नाही आटली तर पैसे घालवू नका.’ दोन्ही वाक्यं चुकीची, दुसरं तर जीवघेणं.

तथ्य इतकंच, की सुरुवातीच्या केमोला दाद देणाऱ्या गाठी पुढे रेडिएशनलाही सहसा दाद देतात आणि असे रुग्ण सरासरीने जास्त जगतात. सरासरीने. १९९१ साली अमेरिकेत स्वरयंत्राच्या कॅन्सरच्या ३३२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना ऑपरेशन आणि रेडिएशन, निम्म्यांना आधी केमो. केमोच्या दोन फेऱ्यांनंतरही ज्यांची गाठ पुरेशी आटली नाही, त्यांना घरी नाही पाठवलं; त्यांचं ऑपरेशन केलं. दोन वर्षांनी दोन्ही गटांत ६८ टक्के रुग्ण हयात होते.

गाठ आटली म्हणून रेडिएशन टाळणंही तितकंच घातक. नुसत्या केमोने हा कॅन्सर बरा होत नाही.

आणि आपल्याकडे तंबाखू-गुटख्याने होणारा गालाचा, जिभेचा कॅन्सर? त्यात शक्य असेल तर बहुधा ऑपरेशनच आधी होतं, त्यामुळे तिथे ही ‘केमोची परीक्षा’ सहसा येतच नाही. केमो आधी दिली असेल आणि गाठ तशीच असेल, तर डॉक्टरांना थेट विचारा: आता ऑपरेशन करता येईल का?