डिस्कला भोकं पाडून घाट उतरत नाही: फिरणाऱ्या एका सल्ल्याला उत्तर

पावसाळा तोंडावर आला की थार, जिम्नी, गुरखावाल्यांच्या मोबाइलवर ब्रेकबद्दलचा एक सल्ला हमखास फिरायला लागतो. त्याचा गोषवारा असा: कंपनीच्या ब्रेक डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या बिडाच्या चकत्या, घाटात तापतात, त्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात नेऊन भोकं पाडून घ्या, गार राहतील. डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळणारे पॅड सिरॅमिक टाका, गाडी निम्म्या अंतरात थांबेल. ब्रेक ऑइल बदलायची गरज नसते, कमी झालं की भरायचं. पेडल थरथरलं म्हणजे डिस्क वाकली, लेथवर कट मारून घ्या. आणि मागचे ड्रम ब्रेक काढून तिथंही डिस्क बसवा. एवढं केलं की करूळ घाट असो की फोंडा, ब्रेक फेल होणार नाही.

यातले दोन मुद्दे पैसे वाया घालवणारे आहेत आणि तीन जिवावर बेतणारे. म्हणून एकेक घेऊ.

त्याआधी घाटात ब्रेकवर नेमकं किती ओझं येतं ते बघा. माणसं आणि सामान धरून २२०० किलोची गाडी ५०० मीटर खाली उतरली, तर सुमारे १ कोटी ८ लाख ज्यूल ऊर्जा कुठंतरी जिरवावी लागते. हीच गाडी सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरवरून थांबवायला सुमारे ३ लाख ज्यूल जिरवावे लागतात. म्हणजे नुसत्या ब्रेकवर तेवढा घाट उतरणं म्हणजे साठच्या वेगावरून गाडी पस्तीस वेळा उभी करणं, तेही मध्ये गार व्हायला फारसा वेळ न देता. जगातली कुठलीही डिस्क टाकली तरी हा आकडा बदलत नाही. तो कमी होतो फक्त इंजिनावर गाडी धरल्यानं. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. कोरड्या डांबरावर त्यासाठी फोर-लो, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी सर्वांत हळू गिअरची जोडणी, लावायचं नाही, टू-व्हील ड्राइव्हमधला दुसरा-तिसरा गिअर पुरतो. फोर-लो चिखलाच्या उतारासाठी.

आता भोकांचा मुद्दा. हा सगळ्यांत धोकादायक आहे आणि आपल्याकडे तो सहज अमलातही येतो, कारण रेडियल ड्रिल हाताशी आहे आणि बिडाला भोक पाडणं सोपं आहे. पण शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम केलेल्या कुणालाही विचारा: ग्रे आयर्न, म्हणजे डिस्कचं बीड, दाबाला दमदार, ताणाला कच्चं. त्यातलं ग्रॅफाइट पातळ पापुद्र्यांसारखं पसरलेलं असतं. त्यामुळे उष्णता चटकन वाहून जाते आणि कंपनं जिरतात, म्हणून तर डिस्क या धातूची करतात. पण तेच पापुद्रे ताण आला की तडा जायला वाट करून देतात. ब्रेक दाबल्यावर डिस्कचा पृष्ठभाग आतल्या भागापेक्षा जास्त तापतो आणि फुगू बघतो. आतला गार भाग त्याला फुगू देत नाही, म्हणून वरचा थर दबतो. गार होताना तोच थर ताणला जातो. हे चक्र प्रत्येक उतारावर चालतं. त्यात कडा न घासलेलं भोक असेल तर ताण त्या काठावर गोळा होतो आणि केसाएवढी चीर तिथून सुरू होते.

पुढच्या डिस्क बहुधा व्हेंटिलेटेड असतात, म्हणजे दोन चकत्या आणि मध्ये हवा खेळवणाऱ्या पात्या. हवा आतून बाहेर फेकली जाते आणि डिस्क गार होते ती मुख्यतः या पात्यांमुळे. बाहेरून मारलेलं भोक पातीवर येतंय की दोन पात्यांच्या मधल्या पोकळीत, हे ड्रिल मारणाऱ्याला दिसत नाही. पातीच्या कडेवर अर्धवट आलं तर जोड कमकुवत होतो, ड्रिल आतल्या बाजूला फुटून निघतं तिथं कपचे उडतात, आणि बॅलन्स जातो तो वेगळाच. एवढं करून मिळतं काय? डिस्कचं वजन कमी होतं. वजन कमी म्हणजे तेवढ्याच उष्णतेला तापमान जास्त. जुन्या काळच्या पॅडमधून तापल्यावर वायू निघत, त्यांना वाट द्यायला भोकं कामाची होती. आजच्या पॅडला रस्त्यावरच्या गाडीत त्याची गरज उरलेली नाही.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. मसाई पठार असो, आंबा असो की राधानगरीकडचे कच्चे रस्ते, सगळीकडे जांभ्याची लाल माती. ती भोकांत ठासून बसते, वाळते, आणि कणाकणानं पॅडखाली येते. कारखान्यात खाचा पाडलेल्या डिस्क चिखल आणि पाणी झाडायला थोडी मदत करतात, हे मान्य. पण त्या पॅड लवकर खातात आणि आवाज करतात. चांगल्या प्रतीची साधी, भोकं नसलेली व्हेंटिलेटेड डिस्क हीच इथल्या वापराला योग्य.

सिरॅमिक पॅडनं गाडी निम्म्या अंतरात थांबते, हे गणितातच बसत नाही. गाडी शेवटी थांबते टायरच्या पकडीवर. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.८ धरला तर साठच्या वेगावरून ब्रेक लागल्यापासून सुमारे १८ मीटर लागतात. ओल्या मातीवर ०.३ धरला तर ४७ मीटर. पेडल जोरात दाबल्यावर पायाखाली एबीएसची, म्हणजे चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, टकटक येत असेल, तर तुमचे सध्याचे पॅड टायरच्या पकडीपेक्षा जास्त जोर आधीच लावतायत. पॅड बदलून ते अंतर निम्मं होणार नाही, टायर बदलून थोडं होईल. सिरॅमिक पॅडचे गुण म्हणजे काळी धूळ कमी आणि आवाज कमी. शहरातल्या गाडीला ते छानच. स्पोर्ट्स कारच्या कार्बन-सिरॅमिक डिस्कशी त्यांचा संबंध नाही, नावामुळे घोटाळा होतो. सामान भरून घाट उतरणाऱ्या गाडीला चांगला सेमी-मेटॅलिक (धातू मिसळलेला) पॅड बरा.

पॅड घेताना पाठीमागच्या पत्र्यावर छापलेली दोन इंग्रजी अक्षरं बघा. पहिलं साध्या तापमानाचं घर्षण सांगतं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. एफएफ किंवा त्याहून वरचा घ्या. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल तर तो पॅड तापल्यावर सुस्तावतो, घाटाला नको. अक्षरंच नसतील तर पॅड दुकानातच ठेवा. रेसिंगचे पॅडही नकोत, ते तापल्याशिवाय चावत नाहीत आणि गगनबावड्याच्या धुक्यात सकाळचा पहिला ब्रेक थंडच असतो.

तिसरा मुद्दा ब्रेक ऑइलचा, आणि घाटात ब्रेक ‘फेल’ होण्याच्या बऱ्याच प्रकारांचं मूळ इथंच आहे. डॉट-३ आणि डॉट-४ ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट-४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी शिरलं की ही हमी १५५ अंशांवर येते. डॉट-३ चे हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. कॅलिपरमधलं, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागातलं, ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दबते, ऑइल दबत नाही, म्हणून पेडल थेट तळाला जातं. नुसतं वरून ऑइल भरून कॅलिपरमधलं पाणी निघत नाही. शिवाय टाकीतली पातळी खाली गेली याचा बहुधा अर्थ पॅड झिजलेत किंवा कुठंतरी गळती आहे. भरून मोकळं होणं म्हणजे ती खूण पुसणं.

इथं एक फरक ओळखायला शिका. पेडल टणक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड जास्त तापलेत. पेडल मऊ होऊन खाली जातंय, तर ऑइल उकळलंय. पहिल्यात पॅडचा दर्जा बघायचा, दुसऱ्यात ऑइल बदलायचं. दोन्ही वेळा त्या क्षणी करायचं एकच: गिअर खाली आणा, गाडी बाजूला घ्या, गार होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर बाटलीनं पाणी ओतू नका, तडा जातो.

ऑइल दर दोन वर्षांनी, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या सर्व्हिसला, पूर्ण बदला. कंपनीच्या पुस्तकात कमी मुदत दिली असेल तर ती पाळा. १ लिटर सीलबंद आणा, मागच्या वर्षीची अर्धी उघडी बाटली वापरू नका. ऑइल बदलताना नळ्यांतली हवा काढावी लागते, तिथं एक गोष्ट हमखास चुकते. परदेशी व्हिडिओत मागचं उजवं चाक आधी घेतात, कारण तिथं स्टिअरिंग डावीकडे. आपल्याकडे मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलच्या दाबानं ऑइल ढकलणारा भाग, उजवीकडे, म्हणून सगळ्यांत लांबचं चाक मागचं डावं. तिथून सुरू करा, मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. पुस्तकात वेगळा क्रम असेल तर तोच खरा. सिलिकॉनचं डॉट-५ यात कधीही मिसळायचं नाही.

डिस्क ‘वाकली’ म्हणून लेथवर नेणं बऱ्याचदा चुकीच्या रोगावर औषध असतं. थरथर येते ती सहसा हबच्या, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या भागाच्या, तोंडावरच्या गंजामुळे, चाकाचे नट कमी-जास्त आवळल्यामुळे, किंवा तापलेल्या पॅडचा थर डिस्कवर एके जागी चिकटल्यामुळे. घाट उतरून वैभववाडीत चहाला थांबताना ब्रेक दाबून उभं राहिलं की असा ठसा उमटतो. त्याऐवजी शेवटचा एक-दोन किलोमीटर ब्रेक न लावता सावकाश चालवा, सपाट जागा बघा आणि गाडी गिअरमध्ये ठेवा. तपासणी सोपी आहे: हब वायर ब्रशनं चकचकीत करा, डिस्क लावून नट वॉशरसह सारखे आवळा, आणि बाहेरच्या कडेपासून १० मि.मी. आत डायल गेज (डिस्क आत-बाहेर किती हलते ते मोजणारं घड्याळ) धरून डिस्क फिरवा. ०.०५ मि.मी.पर्यंत उत्तम. जास्त आलं तर डिस्क एक बोल्ट पुढं फिरवून बसवा आणि पुन्हा मोजा, कित्येकदा एवढ्यानंच भागतं. डिस्कवर कोरलेली किमान जाडी मात्र अंतिम. कट मारल्यावर त्याखाली जाणार असेल तर नवी जोडी घ्या, एकटी डिस्क बदलू नका.

मागं डिस्क बसवण्याबद्दल थोडक्यात. ड्रमच्या सिलिंडरला आणि डिस्कच्या कॅलिपरला लागणाऱ्या ऑइलचं प्रमाण वेगवेगळं असतं. मास्टर सिलिंडर आणि एबीएसची मांडणी ड्रम धरून केलेली. जोडकाम करून मागं जोर वाढला तर ओल्या वळणावर मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी फिरते. हँडब्रेकचा प्रश्न उरतो तो उरतोच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे मूळ रचनेतला बदल अडचणीचा ठरतो, आणि विम्याचा दावा करताना तेच पुढं येतं. चिखलातून आल्यावर ड्रम उघडून धुवा, शू अ‍ॅडजस्ट करा, त्यानं जास्त फरक पडतो.

मग मोठी डिस्क कधी घ्यायची? वजन आणि टायर वाढवल्यावर. थारच्या २५५/६५ आर १८ टायरचा व्यास सुमारे ७८९ मि.मी. आहे. ३३ इंची टायर म्हणजे ८३८. म्हणजे पेडल तेवढंच दाबलं तरी जमिनीवरचा ब्रेकचा जोर सुमारे ६ टक्के कमी. त्यावर लोखंडी बंपर, विंच, रूफ रॅक. अशा गाडीला जास्त व्यासाची, जास्त जाडीची डिस्क आणि तिचं जुळणारं ब्रॅकेट खरोखर उपयोगी पडतं. घेण्याआधी रिमच्या आत कॅलिपरला जागा उरते का ते मोजा. सस्पेन्शन उचललं असेल तर गाडी जॅकवर घेऊन चाकं पूर्ण लोंबू द्या, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवा आणि ब्रेकचा होज (ऑइलची रबरी नळी) ताणला जातो का ते बघा. ताणला जात असेल तर आधी लांब होज, मग डिस्क.

बसवताना नव्या डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरनं धुवा. कॅलिपरच्या पिना साफ करून सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावा. चेसिसचं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पिन अडकते. कॅलिपरचा पिस्टन मागं ढकलताना त्याचं निपल (हवा काढायचा स्क्रू) उघडून नळी बाटलीत सोडा, म्हणजे घाण ऑइल एबीएसकडे जात नाही. मग सकाळी लवकर कागलच्या एमआयडीसीतल्या मोकळ्या रस्त्यावर ६० वरून १५ पर्यंत मध्यम दाबानं आठ-दहा वेळा वेग उतरवा, प्रत्येक वेळी अर्धा मिनिट सोडा, पूर्ण थांबू नका. नंतर आठ-दहा किलोमीटर ब्रेक न दाबता गार करा. ५० ते १०० किलोमीटर झाले की चाकांचे नट टॉर्क पान्यानं पुन्हा आवळा, आणि त्यानंतरच गाडी घाटात घाला.