गच्चीवरचं गवत राहू द्या, खाली काय आहे ते सांगा

सकाळी सकाळी फॉरवर्ड आला. बंद पडलेल्या गोदीचा 'हरित कायापालट' म्हणे! ड्रोनचा व्हिडिओ, मागे बासरी, सायकलवरची गोड मुलं, इमारतींच्या गच्चीवर गवत. मातीबद्दल अवाक्षर नाही. डोकं फिरलं.

नोकरीच्या सुरुवातीला मी माती तपासणाऱ्या टीममध्ये होते. अशाच एका किनाऱ्यावर, जुन्या गॅस कारखान्याच्या जागेत मातीचे नमुने काढायला बोअर चालू होता. आधी भराव, विटांचे तुकडे. मग नळीतून काळं, चिकट काहीतरी आलं आणि वास थेट कपाटातल्या डांबरगोळ्यांचा! कोळशापासून गॅस करताना उरलेलं डांबर, त्यातलं नॅप्थलीन. कारखाना बंद पडून जमाना झाला होता, वास ताजा होता. आणि आराखड्यात नेमकं तिथे काय? लहान मुलांचं खेळायचं मैदान. बिल्डरचा माणूस म्हणाला, "वरून दोन फूट चांगली माती टाकू की, मॅडम."

दोन फूट!

बरं, मान्य, सगळंच उकरून काढणं शहाणपणाचं नसतं. धूळ उडते आणि ते ट्रक शेवटी दुसऱ्या कुणाच्या तरी दारात रिकामे होतात. पण झाकायचं तर नीट झाका ना. अभेद्य थर घाला, भूजल तपासायला विहिरी ठेवा, वर्षानुवर्षं लक्ष ठेवा. हे डांबर पाण्यापेक्षा जड असतं, ते खाली खाली उतरत जातं, गाळात जाऊन बसतं. त्याला तुमचं लॉन दिसत नाही.

लगेच कुणीतरी अमेरिकेतल्या सिएटलचं गॅस वर्क्स पार्क दाखवेल, जुन्या गॅस कारखान्याच्या जागेवरची बाग. दाखवा, मलाही आवडतं ते. १९५६ मध्ये कारखाना बंद झाला, बागरचनाकार रिचर्ड हेग यांनी जुने मनोरे न पाडता बाग आखली, माती जिवाणूंकडून साफ करून घ्यायचा प्रयोग केला, १९७५ मध्ये बाग खुली झाली. आणि १९८४ मध्ये तीच बाग प्रदूषणाच्या तपासणीसाठी काही काळ बंद ठेवावी लागली! शेजारच्या तळ्यातल्या गाळाचं दुखणं तर कित्येक दशकं चाललंय. इतक्या मनापासून करूनही. आणि आमचे हे वीर गवताच्या पेंढ्या घेऊन निघालेत.

कॅनडात व्हँकूव्हरला १९८६ च्या एक्स्पोची, म्हणजे जागतिक प्रदर्शनाची, जागा सरकारनं बिल्डरला विकली, तेव्हा खालच्या विषारी मातीची जबाबदारी सरकारकडेच राहिली. म्हणजे समुद्रदर्शनाचा नफा बिल्डरचा, घाण लोकांच्या करातून. ज्यानं घाण केली, त्यानं साफ करावी. यात न कळण्यासारखं काय आहे?

त्या बोअरवरचा पोरगा मात्र डोळ्यांपुढून हलत नाही. हातमोजे नव्हते, उघड्या हातानं नळी पुसत होता. "मॅडम, हे हाताला लागलं तर काही होतं का?" तिथे उभ्या असलेल्या इतक्या शिकलेल्या माणसांत प्रश्न विचारणारा तो एकटा. मी त्याला साबण दिला, माझे मोजे दिले. आराखडा दाखवायचा धीर काही झाला नाही.

फॉरवर्ड पाठवणाऱ्या मित्रा, राग मानू नकोस. तुझ्या त्या व्हिडिओखाली मी एवढंच लिहून आलेय: बोअरचे रिपोर्ट कुठे बघायला मिळतील? अजून उत्तर नाही. एक हिरवं हृदय तेवढं आलंय.