संक्रांत पिवळं नेसून आली, म्हणून आपण घाबरायचं?

संक्रांतीच्या दोन दिवस आधी मावशीचा फोन आला. हळदीकुंकवासाठी काढून ठेवलेली पिवळी इरकल तिने परत कपाटात टाकली होती. "ग्रुपवर आलंय गं, यंदा पिवळं चालत नाही." ग्रुपवर काय आलंय ते मला माहीत होतं, कारण मलाही ते तीन ठिकाणांहून आलं होतं. प्रत्येक वेळी शेवटी जोडलेले हात आणि 'सर्व महिलांना पाठवा'.

मेसेज थोडक्यात असा. यंदा, म्हणजे २०२६ साली, संक्रांतदेवी वाघावर बसून पिवळं वस्त्र नेसून येते आहे. ती ज्या रंगात येते तो रंग बायकांनी रथसप्तमीपर्यंत अंगाला लावू नये, लावला तर घरावर अरिष्ट. पुरावा पानिपतचा: १४ जानेवारी १७६१ला संक्रांतच होती, म्हणून तर आपण 'संक्रांत कोसळली' म्हणतो. मग थोडं 'शास्त्र': संक्रांत दर वर्षी १४ तारखेलाच येते, याच दिवशी सूर्य उत्तरेकडे वळतो आणि याच दिवशी भीष्मांनी देह ठेवला. शेवटी वाण फक्त सवाष्णींनी सवाष्णींना द्यावं अशी सूचना.

मावशीला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा नीट लिहिते.

वाघ आणि पिवळं वस्त्र ही थाप नाही. पंचांगात खरोखर तसं छापलेलं असतं, आणि त्यामुळेच मेसेज पटतो. पण ते तिथे येतं कुठून? संक्रांत म्हणजे संक्रमण, सूर्याचं एका राशीतून दुसरीत जाणं. वर्षात अशा बारा संक्रांती होतात, त्यातली मकरेची आपण साजरी करतो. सूर्य राशीत शिरतो त्या क्षणी कुठलं 'करण' चालू आहे ते पंचांगकर्ता बघतो. करण म्हणजे अर्धी तिथी. करणांची नावं अकरा. त्यातली सात आलटून पालटून येत राहतात, उरलेली चार मात्र दर महिन्याला एकेकदाच येतात. प्रत्येक करणासमोर वाहन, उपवाहन, वस्त्र, शस्त्र, टिळा, फूल, खाणं असं सगळं ठरलेलं असतं. बव करण असलं तर सिंह आणि पांढरं वस्त्र, बालव असलं तर वाघ आणि पिवळं, विष्टी असलं तर घोडा आणि काळं. झालं. हे पाढ्यासारखं कोष्टक आहे. वर आकाशात कुणी साडी निवडत बसलेलं नाही.

कोष्टक असल्याची खूण बघायची असेल तर मागची चार वर्षं काढा. २०२३ला संक्रांत लागली तेव्हा बालव करण होतं: वाघ, पिवळं. २०२५ला पुन्हा बालव: वाघ, पिवळं. २०२६ला, एकादशीच्या उत्तरार्धात, पुन्हा तेच. चार वर्षांत तीनदा पिवळं आलं, मग या तीन वर्षांत पिवळ्या साड्या नेसलेल्या घरांचं काय झालं हे मेसेजवाल्यांनी एकदा मोजून सांगावं. मधल्या २०२४मध्ये विष्टी करण होतं, म्हणून काळं. त्या वर्षी 'काळं नेसू नका' असा मेसेज फिरत होता! ज्या एका सणाला मराठी घरात काळं हौसेनं नेसतात, नव्या सुनेला काळी चंद्रकळा घेतात, तान्ह्या बाळाला काळं झबलं शिवतात, त्याच सणाला काळं नको.

बरं, कोष्टक मानायचंच तर पुरतं मानावं. बालव करणाची संक्रांत केशराचा टिळा लावते, जाईचं फूल हुंगते, पायस खाते. म्हणजे केशर बंद, जाई बंद, खीर बंद. असा मेसेज मला अजून आलेला नाही. भीती नेमकी बाईच्या साडीवर येऊन थांबते, खिरीच्या वाटीपर्यंत पोचत नाही, याचं मला फार नवल वाटत नाही.

आणि जुन्या पंचांगातलं फळ तरी काय सांगतं? संक्रांत ज्या दिशेने येते तिकडे सुख, ज्या दिशेला जाते तिकडे पीडा, ती ज्या वस्तू वापरते त्या महागतात. हा मुलखाचा आणि बाजारभावाचा अंदाज आहे, पाऊसपाण्याच्या अंदाजाच्या जातीचा. तो खरा ठरतो असं माझं म्हणणं नाही. पण त्यातसुद्धा तुमच्या-माझ्या कपाटाचा विषय नाही. फार तर पिवळी साडी महागेल, आणि मावशीची तर आधीच घेतलेली होती.

आता पानिपत. मेसेजमधला सगळ्यात जड पुरावा हाच, आणि तो तारखेवरच कोसळतो.

पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ला झाली, बुधवारी. तिथी पौष शुद्ध अष्टमी. इथवर बरोबर. पण आज संक्रांत १४ला येते म्हणून १७६१मध्येही १४लाच आली असेल, हे गृहीत धरणं चूक आहे. ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेलं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा साधारण वीस मिनिटांनी मोठं असतं. आपली रास पहिल्यावर चालते, भिंतीवरची इंग्रजी तारीख दुसऱ्यावर. वीस-वीस मिनिटं साठत जातात आणि साधारण सत्तर-बहात्तर वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे सरकते. याचा ताळा सगळ्यांच्या ओळखीच्या एका तारखेवर करता येतो: स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि ती तारीख आहे १२ जानेवारी १८६३. तिथून आणखी शंभर वर्षं मागे गेलात की संक्रांत येते १० जानेवारीच्या आसपास. म्हणजे मराठी सैन्य पानिपतावर लढायला बाहेर पडलं तेव्हा संक्रांत होऊन तीन-चार दिवस उलटले होते. छावणीत तिळगूळ वाटला गेला असेल असं मात्र वाटत नाही. तिथे खायलाच काही उरलेलं नव्हतं.

हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पराभवाची कारणं त्या रिकाम्या कोठारात आहेत. दोन-अडीच महिने सैन्य पानिपताजवळ अडकून पडलं होतं. रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६०मध्ये मारले गेले आणि दाणागोटा येण्याची वाटच बंद झाली. सोबत बायका-मुलं, यात्रेकरू, बाजारबुणगे. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणून भाऊसाहेब बाहेर पडले. हे सगळं बाजूला ठेवून दोष एका सणावर टाकणं म्हणजे भाऊंचा, विश्वासरावांचा आणि त्या हजारोंचा हिशेब चुकता न करताच वही मिटून टाकणं.

मग 'संक्रांत कोसळणे' आलं कुठून? माझ्या मते वर सांगितलेल्या त्या पंचांगातल्या फळातूनच. 'जाते तिकडे पीडा' हे दर वर्षी देवळाच्या पारावर मोठ्यानं वाचून दाखवलं जाणार, मग गावात काही वाईट घडलं की लोक म्हणणार, आली संक्रांत. म्हणीला पानिपत लागत नाही.

'नेहमी १४ जानेवारीलाच' हा दावा खरं तर वरच निकालात निघाला. पण त्यात एक गंमत राहिली. २०२४ला संक्रांत १५ला होती, हे अनेकांना आठवत असेल. आणि कोकणात, रत्नागिरीकडे, काही घरांत आजही ती १० तारखेच्या सुमाराला होते! ही टिळक पंचांगाची घरं. लोकमान्यांनी पंचांगशुद्धीचा आग्रह धरला होता, त्या परंपरेतलं हे पंचांग राशीचक्राचा आरंभबिंदू जरा वेगळा धरतं. फरक साधारण चार अंशांचा, म्हणजे सूर्याच्या चालीने चार दिवसांचा. आता चार दिवसांत करणं होतात आठेक. म्हणजे एकाच वर्षी, एकाच जिल्ह्यात, या आळीतली संक्रांत वाघावर आली तर त्या आळीतली दुसऱ्याच कशावर तरी बसून चार दिवस आधी येऊन गेलेली असू शकते. कुणाचा रंग टाळायचा? दोन्ही आळ्यांत वाण द्यायला जाणाऱ्या बाईने तर काहीच नेसायला नको.

'हा आपला एकमेव सूर्यावर चालणारा सण' हेही अधूनमधून वाचायला मिळतं. महाराष्ट्रापुरतं ते चालून जाईल, आपले बाकीचे सण तिथीचे आहेत. पण केरळचा विषू, पंजाबची वैशाखी, आसामचा बिहू, सगळे सौर महिन्यांवरच चालतात.

सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरला. संक्रांतीला त्याला वळून तीन आठवडे झालेले असतात. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी मकर प्रवेश आणि उत्तरायण एकाच वेळी होत होतं, मग त्याच वीस मिनिटांनी दोघांची फारकत केली. नाव मात्र चिकटून राहिलं. 'संक्रांतीपासून दिवस तिळातिळानं वाढतो' ही आजीची ओळ मला खोडवत नाही, कारण वाढ तशीच बारीक असते. फक्त सकाळी उठणाऱ्याला ती जाणवत नाही: मुंबईत डिसेंबरनंतरही सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिरा-उशिराच होत जातो. वाढलेला दिवस सगळा संध्याकाळच्या बाजूला पडतो. भीष्मांचं म्हणाल तर ते उत्तरायणाची वाट बघत होते हे महाभारतातच आहे, पण परंपरेने त्यांचा दिवस मानला जातो माघ शुद्ध अष्टमी. तिला भीष्माष्टमी म्हणतात, आणि ती कॅलेंडरवर स्वतंत्र छापलेली असते.

काळ्या कपड्याबद्दल उलट बाजूचा मेसेजही फिरतो, की पूर्वजांना उष्णतेचं भौतिकशास्त्र ठाऊक होतं म्हणून थंडीत काळं. काळा रंग ऊन धरून ठेवतो हे खरंच. पण त्यावरून चंद्रकळेचा जन्म प्रयोगशाळेत झाला असं म्हणायची मला गरज वाटत नाही. काळ्यावर पांढरा हलवा उठून दिसतो. हलव्याच्या दागिन्यांत नटवलेली नवी नवरी एकदा बघितली की हे कारणही पुरेसं वाटतं. त्या हलव्याला काटा यावा म्हणून मंद आचेवर तासन् तास पाक टाकत तीळ हलवत बसणाऱ्या बाईला विचारा, संक्रांत कशाची असते. ती वाघाचं नाव घेणार नाही.

सणाचा ऐवज सगळा रानातून आलेला आहे. आदल्या दिवशी भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि शेंगभाजी: वालपापडी, पावटे, सोलाणे, गाजर, वांगं, जे हाताला लागेल ते. सुगडात उसाचे करवे, बोरं, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या. तिळात वजनाच्या निम्मं तेल, त्याला नव्या हंगामाचा गूळ. थंडीनं कातडी फुटायच्या दिवसांत याहून शहाणं खाणं सुचवता येणार नाही. यंदा तर १४ तारखेला षट्‌तिला एकादशीच होती, तीळ सहा प्रकारे वापरायची. तिच्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. ज्याला पंचांग उघडून रंग दिसतो त्याला त्याच पानावरची एकादशी दिसत नाही?

राहिली ती सवाष्णींची सूचना. 'तिळगूळ घ्या, गोड बोला' म्हणताना दारातल्या बाईचं कपाळ बघायचं, हे मला आता तोंडाने म्हणायलासुद्धा जड जातं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव २०२२मध्येच केला. गावाच्या सभेत हात वर करून जे ठरतं ते आमच्या सोसायटीच्या ग्रुपला अजून जमत नाही. माझ्या हळदीकुंकवाला मी सगळ्यांना बोलावते. वाणात यंदा गवती चहाची रोपं होती.

मावशीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. टिळक पंचांगाशी आले तेव्हा मात्र ती मध्येच हसली. तिचं माहेर रत्नागिरीचं, तिथे संक्रांत दहा तारखेला. सासर पुण्याचं, तिथे चौदाला. "लग्नाच्या पहिल्या वर्षी माझे दोनदा लाड झाले. दहाला माहेरचा हलवा, चौदाला सासरचा. दोन्हीकडे एकच चंद्रकळा नेसले. वाहनबिहन कुणी बघितलं नाही."

बुधवारी दुपारी तिचा फोटो आला. पिवळी इरकल, आणि हातात वाटी. खाली लिहिलं होतं: खीरही केली आहे, एकादशी म्हणून वरीच्या तांदळाची.