ठाणे खाडीतलं ते ‘प्रवाळ बेट’ म्हणजे कालवं

ऐरोलीजवळ ओहोटीला ‘प्रवाळ बेट’ उघडं पडल्याचा फोटो ग्रुपांवर फिरतोय. तो खडबडीत पांढरा थर कालवं (खडकाला चिकटणारे शिंपले) आणि बार्नॅकलचा (खडकाला चिकटून राहणारे छोटे कवचवाले जीव) आहे. ‘लिंबू पिळलं, फेस आला, म्हणजे प्रवाळच’ हा पुरावा कुचकामी. कालवाचं कवचही प्रवाळासारखं कॅल्शियम कार्बोनेटचंच, लिंबाच्या आम्लाने फेसाळणारच. भिंगातून बघा: प्रवाळावर बारीक खळगे आणि त्यांत चांदणीसारखे पडदे दिसतात, कालवावर नुसते पापुद्रे. (हात जपा, कडा धारदार असतात.)

प्रवाळाचे खडक वाढायला तळापर्यंत ऊन पोचणारं, कायम खारं पाणी लागतं. आपली खाडी गढूळ, आणि पावसाळ्यात गोडं पाणी शिरलं की खारेपणा घसरतो.

खरं प्रवाळ मालवणला, किंवा विजयदुर्गपासून सुमारे 100 किमी दूर भर समुद्रात, पाण्याखाली असलेल्या अंग्रिया बँक या पठारावर.