वेआचं नाव घेताना 2005 विसरू नका

भाऊ, फुटबॉलपटूंनी टर्फचा (भाड्याने द्यायच्या कृत्रिम गवताच्या मैदानाचा) धंदा करावा का, निवडणूक लढवावी का, यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेल्या प्रतिक्रियेचा सारांश असा: खेळाडूचं नाव मोठं असलं की गिऱ्हाईक आणि मतं आपसूक येतात, फुटबॉलपटू जॉर्ज वेआ लायबेरियाचा राष्ट्राध्यक्ष झालाच ना, आणि मी मात्र भारताचा माजी फुटबॉल कर्णधार बायचुंग भुतियाच्या निवडणुकीतल्या पराभवांची उजळणी करून नागपूरच्या पोरांचा हिरमोड करतोय.

वेआचंच घ्या. 1995 चा बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, जिंकलेला हा गडी 2005 च्या निवडणुकीत पहिल्या फेरीत सगळ्यांच्या पुढे होता, दुसऱ्या फेरीत एलन जॉन्सन सरलीफ यांच्याकडून हरला. 2011 ला उपराष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला, तेही गेलं. 2014 ला सिनेटर, 2017 ला विजय. नावावर मिळाली ती पहिली फेरी. बाकी बारा वर्षांची पक्षबांधणी.

भुतिया 2016 ला पश्चिम बंगालच्या विधानसभेला सिलिगुडीत हरला तो अशोक भट्टाचार्यांकडून, म्हणजे तिथल्या महापौराकडून. नळ-नाल्यांची कामं घेऊन लोक ज्याच्या दारात जातात, त्याच्यासमोर आंतरराष्ट्रीय गोल किती टिकणार? 2022 ची भारतीय फुटबॉल महासंघाच्या अध्यक्षपदाची निवडणूक तर तो 33-1 अशी हरला. तिथे मतं राज्य संघटनांची होती, खेळाडूंची नव्हती. जिंकलेले कल्याण चौबे स्वतः माजी गोलरक्षक, पण त्यांनी मतदार कोण हे आधी पाहिलं.

आता तुमची सूचना: खेळाडूने महापालिकेच्या जागेवर टर्फ टाकावं आणि पुढे नगरसेवकपदाला उभं राहावं. इथे कागद नीट वाचा. महापालिकेशी झालेल्या करारात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, भागीदारामार्फतसुद्धा, हितसंबंध असला तर नगरसेवकपदाला अपात्रता येते. निव्वळ जमिनीच्या भाडेपट्ट्याला सूट आहे, पण मैदान चालवण्याचा किंवा देखभालीचा ठेका म्हणजे भाडेपट्टा नव्हे. पुष्कळ करारांत दोन्ही एकाच कागदावर असतात आणि विरोधक छाननीच्या दिवशी नेमका तोच कागद काढतो. 'भावाच्या नावावर करू' म्हणाल, तर 'अप्रत्यक्ष' हा शब्द त्यासाठीच आहे. अर्ज भरण्याच्या खूप आधी वकिलाला दाखवा.

आणि टर्फचा धंदा नावावर महिनाभर चालतो. खालचा खडीचा थर रोलरने नीट दाबला नसेल तर पहिल्या पावसाळ्यात खळगे पडतात, पाणी साचतं, पट्ट्यांचे सांधे उसवतात. 40-50 मिलिमीटरच्या गवतात भरलेली वाळू आणि रबराचे दाणे गोलसमोर पायांनी उडून जातात. ब्रश मारून परत पसरले नाहीत तर गवत आडवं पडतं, चेंडू वेडावाकडा उसळतो आणि संघ शेजारच्या टर्फवर जातात. नागपूरच्या मे महिन्यात ऊन उतरेपर्यंत तिथे पाय ठेववत नाही, त्यामुळे कमाई धरायची ती सूर्यास्तानंतरच्या चार-पाच तासांची. बँकेला हिशेब देताना दिवसाचे बारा तास लिहिणारे पहिल्याच उन्हाळ्यात हप्ता चुकवतात.

लोकसेवाच करायची तर निवडणूक लागतेच असंही नाही. विजय बारसेंनी 2001 पासून आपल्याच शहरात झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल खेळवणारं 'स्लम सॉकर' उभं केलं, तेही कुठल्याही पक्षाच्या तिकिटाशिवाय.