हाताखालच्या पोरीला आधी काय शिकवायचं?

आमच्या यवतमाळकडे तालुक्याच्या वार्ताहराला कोणी जवळ बसवून शिकवत नाही. ‘लिहीत जा, येते हळूहळू’ म्हणायचं आणि जाहिरातींचं टार्गेट हातात ठेवायचं. मानधनात पेट्रोलही निघत नाही, म्हणून पोरं जोडीला एखाद्या संस्थेचं प्रसिद्धीचं काम धरतात. माझ्या हाताखालची मुलगी तशीच आहे. ती एका दैनिकाला बातम्या पाठवते आणि आमच्या बचत गटांच्या संस्थेत माझ्यासोबत प्रेस नोटही लिहिते.

तिला पहिल्यांदा मी हेच सांगितलं, की आपल्या संस्थेची बातमी तू वार्ताहर म्हणून पाठवायची नाही. ती संस्थेच्या लेटरहेडवर, सगळ्या पेपरांना एकाच वेळी जाईल. ती म्हणाली, “ताई, इथं तर सगळेच पाठवतात.” पाठवतात, खरं आहे. पण वाचणाऱ्याला बातमी कोणी लिहिली आणि त्याचे पैसे कोण देतं, हे कळायलाच हवं. ह्या बाबतीत मी कोणाचंही ऐकणार नाही.

दुसरी गोष्ट आत्महत्येच्या बातमीची. तिने लिहून आणलं होतं, ‘नापिकी व कर्जबाजारीपणाला कंटाळून शेतकऱ्याने विषारी औषध प्राशन करून जीवनयात्रा संपविली.’ हे वाक्य विदर्भातली पोरं पेपर वाचूनच शिकतात, त्यात तिचा काय दोष? मी तिला शेजारी बसवलं आणि विचारलं, पेरा कशाचा होता? सातबारा कोणाच्या नावावर? कर्ज बँकेचं, गावच्या सहकारी सोसायटीचं, की खासगी? तिला माहीत नव्हतं. घरच्यांकडे त्या दिवशी जायचं नाही, असं सांगून मी तिला तलाठी आणि सोसायटीच्या गटसचिवाकडे पाठवलं. ती परत आली तेव्हा कळलं, की सोसायटीचं कर्ज नव्हतंच. पैसे गावातल्याच एकाकडून व्याजाने घेतलेले होते.

खरी बातमी इथे आहे. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरच्यांना मिळणाऱ्या 1 लाखाच्या सरकारी मदतीसाठी प्रकरण पात्र की अपात्र हे जिल्हा समिती ठरवते, आणि ती बँकेचं, सहकारी संस्थेचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज धरते. बिनपरवाना सावकाराचा पैसा कुठल्याच कागदावर येत नाही. मग मागे राहिलेल्या बाईच्या हाती ‘अपात्र’ लिहिलेलं पत्र येतं. ‘कर्जबाजारीपणाला कंटाळून’ एवढं लिहून वार्ताहर मोकळा झाला, तर ह्यातलं काहीही वाचकापर्यंत पोचत नाही.

आणि जीव कसा दिला, ते आम्ही काढून टाकलं. प्रेस कौन्सिलने 2019 मध्येच सांगितलंय, की पद्धतीचं वर्णन करू नका, मथळा भडक करू नका. आमच्या भागात तर हे भिंतीवर लिहून ठेवायला हवं.

2017 च्या खरिपात आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो लोकांना विषबाधा झाली, वीसच्या वर माणसं गेली. त्यांत दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणारे मजूर बरेच होते. शेत कोणाचं आणि पाठीवर पंप कोणाच्या, हे तेव्हापासून मी प्रत्येक नवख्याला विचारायला लावते.

प्रेस नोटचं शिकवणं त्यामानाने सोपं. ‘मान्यवरांच्या शुभहस्ते’ आणि खाली उपस्थितांची यादी, हे तिने स्वतःच बंद केलं. आता ती गटाने कर्ज किती घेतलं, फेडलं किती, त्यातून कोणी काय उभं केलं, हे आधी लिहिते. थकबाकी असेल तर तीही लिहायची, ह्यावर आमच्याच कार्यकारिणीत वाद झाला. मी तिच्या बाजूने उभी राहिले. वरिष्ठाने अशा वेळी गप्प बसायचं, तर पोरीने कोणाच्या भरवशावर खरं लिहायचं?

ह्या भागात जुने झालेल्या पत्रकारांना माझं कळकळीचं सांगणं आहे. नवख्याची कॉपी परस्पर दुरुस्त करून डेस्कला धाडू नका. दहा मिनिटं लागतील, पण त्याला बसवा, एकेक ओळ का कापली ते सांगा. पोलीस ठाण्यात एकटी पोरगी माहिती घ्यायला गेली की तिला ताटकळत ठेवतात, तिथे पहिल्या काही वेळा सोबत जा. वाढदिवसाची जाहिरात मागायला तिला त्याच पुढाऱ्याच्या दारात पाठवू नका, ज्याच्या रस्त्याच्या कामाची बातमी तिला करायची आहे. आणि गावोगाव फिरून तिने आणलेली बातमी ‘तालुका प्रतिनिधी’ म्हणून छापू नका, तिचं नाव द्या. मी तिच्या जिल्हा कार्यालयाला हे फोनवर सांगितलंय, अजून दिलेलं नाही. मी परत सांगणार आहे.