मोसंबीच्या कलमांवरील तक्रारीला नर्सरीचं उत्तर

नमस्कार दादा. दीड वर्षाची बाग पिवळी पडली, मुळांना गाठी आल्या म्हणून फोटो टाकून तुम्ही आम्हाला एकच तारा दिलात. वाचून वाईट वाटलं. चार दिवस फोन उचलला गेला नाही ही चूक आमचीच, माफ करा.

पण 'सूत्रकृमी लागणार नाही असं सांगून कलमं गळ्यात मारली' हे तुम्ही लिहिलंत ते काही पटत नाही. (सूत्रकृमी म्हणजे मुळांवर जगणारे, डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे.) बिलावर 'मोसंबी, खुंट रंगपूर' एवढंच आहे. खुंट म्हणजे ज्याच्या मुळांवर कलम बांधतो ते झाड. रंगपूर पाण्याच्या ताणात आणि चुनखडीत तग धरतो, म्हणून तुमच्या रानाला तो दिला. लिंबूवर्गीय सूत्रकृमी त्याला लागतो, जंबेरी खुंटालाही लागतो. प्रतिकारक म्हणावा तो ट्रायफोलिएट खुंट, नाहीतर त्याचा संकर स्विंगल. पण सोलापूरच्या चुनखडीत या दोघांना लोह उचलता येत नाही. शिरा हिरव्या आणि पान पिवळं. ते दिले असते तरी तक्रार आलीच असती.

आता गाठींचं. फोटो मोठा करून पाहिला. लिंबूवर्गीय सूत्रकृमी गाठी करतच नाही. मादी पुढचं अर्धं अंग मुळात खुपसते, मागचं बाहेर. अंड्यांच्या चिकट पुंजक्याला माती धरते, त्यामुळे मूळ धुतलं तरी मळकट दिसतं. तुमच्या फोटोतलं मूळ स्वच्छ, मण्यांच्या माळेसारखं. कलमं नेताना ओळीत टोमॅटो घेणार म्हणाला होतात. ते टोमॅटोचंच मूळ असावं. गाठी करणारा सूत्रकृमी निराळा. आणि जुनी लिंबाची बाग काढून लगेच त्याच खड्ड्यांत लागवड केलीत, हे मात्र लिहिलं नाहीत. जुन्या मुळांवर लिंबूवर्गीय सूत्रकृमी काही वर्षं टिकतो.

तरी शंका नको. ठिबकच्या ओलीतून, १५ ते ३० सें.मी. खोलीवरची, दहा-बारा झाडांखालची माती एकत्र करून अर्धा किलो घ्या, सोबत मूठभर तंतुमुळं. पिशवीचं तोंड बांधून सावलीत ठेवा. माती उन्हात वाळली की सूत्रकृमी मरतात आणि अहवाल कोरा येतो. तपासणीचा खर्च आमचा.

यापुढे कोणता खुंट कशाला चालतो ते बिलावर लिहून देऊ. नर्सरीतल्या कलमांच्या पिशव्या जमिनीवरून उचलून मांडणीवर ठेवायचंही बघतोय. अहवाल आला की त्या एका ताऱ्याकडे तेवढं पुन्हा बघा.